जुन्या दोन टाक्यांच्या मशीनचं पाणी पूर्ण उतरत नाही, स्पिनच्या टाकीत साचतं

मधली_आळी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मशीन सेमी-ऑटोमॅटिक, दोन टाक्यांचं, १९९० च्या दशकातलं आहे. दोन्ही मोटरी आणि टायमर उत्तम चालतात. अडचण फक्त पाणी बाहेर जाण्याची.

नॉब ‘ड्रेन’वर केला की पहिल्यांदा पाणी बरं येतं, मग धार करंगळीएवढी होते. अर्धी टाकी रिकामी व्हायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात आणि तळाशी चार बोटं पाणी उरतंच. ते मगाने उपसावं लागतं. त्याच वेळी स्पिनच्या टाकीत खालून साबणाचं पाणी चढतं. त्यानंतर स्पिन लावलं की मोटर नुसती गुरगुरते, वेग घेत नाही. आणि गंमत म्हणजे नॉब ‘वॉश’वर असतानाही पाइपातून थेंब-थेंब गळतं. कपडे भिजत घातले तर तासाभरात पातळी दोन बोटं उतरलेली असते.

मूळ पाइप आखूड होता, म्हणून त्याला तीन मीटरचा जोड देऊन मोरीच्या उंबऱ्यावरून आत सोडला आहे. पाणी बोअरचं, बऱ्यापैकी जड. मेकॅनिकचं म्हणणं, ‘याचा व्हॉल्व्ह आता येत नाही, मशीन काढून टाका.’ एका रबरासाठी चालतं मशीन भंगारात द्यायचं मनाला पटत नाही. सुरुवात कुठून करू? एकच दोष असेल तर पाणी अडकतंही आणि गळतंही, असं कसं होतं?

---

वर्कशॉप_मिरज

स्क्रू काढण्याआधी पाण्याची वाट डोळ्यासमोर आणा. बाकी सगळं त्यावरून कळतं.

या मशीनला पंप नसतो. पाणी फक्त उतारानं जातं. धुण्याच्या टाकीच्या तळाशी जाळी, तिच्याखाली रबरी व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हच्या पुढे एक लहान प्लॅस्टिकची पेटी. याच पेटीला स्पिनच्या बाहेरच्या टाकीची नळी येऊन मिळते, आणि त्या नळीवर कुठलाही व्हॉल्व्ह नसतो, ती कायम उघडी. ओव्हरफ्लोची नळीसुद्धा व्हॉल्व्हच्या पलीकडेच येते. पेटीतून एकच जाड पाइप बाहेर पडतो. म्हणजे व्हॉल्व्हपर्यंतचा रस्ता एकट्या वॉशचा आणि पेटीपासून पुढचा रस्ता दोघांचा.

आता तुमची लक्षणं या नकाशावर ठेवा. वॉशचं पाणी स्पिनमध्ये चढतंय, म्हणजे पेटीपर्यंत पाणी पोचतंय पण पुढचा पाइप ते वाहून नेत नाहीये. तळाशी चार बोटं पाणी उरतंय, म्हणजे पाइपाचा सर्वांत उंच बिंदू टाकीच्या तळापेक्षा तेवढा वर आहे. तो बिंदू बहुतेक तुमचा उंबराच आहे. तिथून वरचं पाणी जाईल, खालचं जाणार नाही. व्हॉल्व्ह नवा कोरा बसवला तरी ही चार बोटं राहतीलच.

‘वॉश’वर गळतं, तो मात्र वेगळा दोष. तो व्हॉल्व्हच्या बैठकीचा, म्हणजे रबर टेकतं त्या जागेचा, किंवा नॉबपासून व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दोरीचा. तुमच्याकडे दोन दोष एकावर एक बसलेत, म्हणून चित्र गोंधळाचं वाटतंय.

खात्री करण्यासाठी तीन तपासण्या करा. तिन्हींच्या वेळी प्लग काढलेला हवा.

पहिली: जोडपाइप पूर्ण सोडवा. मूळ पाइपाचं तोंड जमिनीवर सपाट टाका, मशीन मोरीजवळ ओढा किंवा पाणी उथळ परातीत घ्या. स्पिनच्या टाकीत दहा लिटरची बादली बेताबेतानं ओता. पाणी ओतलं तसं बाहेर आलं, तर पेटी आणि मूळ पाइप मोकळे आहेत. टाकीत तुंबलं तर अडथळा पेटीत, पाइपात किंवा स्पिनच्या बाहेरच्या टाकीच्या तोंडाशी.

दुसरी: पाइप तसाच जमिनीवर ठेवून वॉशची टाकी अर्धी भरा, नॉब ‘ड्रेन’वर करा, घड्याळ लावा. चांगल्या स्थितीतलं मशीन तीस-चाळीस लिटर पाणी साधारण दोन-तीन मिनिटांत सोडतं. स्पिनचं पाणी झटकन गेलं आणि वॉशचं रेंगाळलं, तर दोष व्हॉल्व्ह, दोरी किंवा जाळीत आहे.

तिसरी: याच वेळी बॅटरीच्या उजेडात स्पिनच्या टाकीत बघा. पाणी चढत नसेल तर पाइप निर्दोष.

तोवर स्पिन वापरू नका. स्पिनची मोटर त्या टाकीच्या बरोबर खाली असते. मधे फक्त एक रबरी सील. साचलेलं पाणी रोज त्या सीलवर उभं राहिलं की ते पाझरायला लागतं आणि थेंब थेट मोटरवर पडतात. ड्रेनचा दोष अंगावर काढला की मोटर जळते ती अशी.

---

मधली_आळी

तिन्ही तपासण्या केल्या. जोडपाइप काढल्यावर स्पिनचं पाणी ओतताक्षणी बाहेर. वॉशचं अर्धी टाकी पाणी पूर्वीपेक्षा बरं, पण अजून अकरा मिनिटं घेतं. तळाशी पाणी उरत नाही. स्पिनमध्ये चढत नाही. ‘वॉश’वरची गळती होती तशीच.

म्हणजे पाइप आणि व्हॉल्व्ह, दोन्ही?

---

वर्कशॉप_मिरज

बरोबर. दोन्ही. आणि अकरा मिनिटं म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उचलला जात नाहीये, किंवा त्याच्या तोंडाशी काहीतरी अडकलंय. अडकलेली वस्तू व्हॉल्व्हला पूर्ण मिटूही देत नाही आणि वाटही अडवते. ‘अडकतंही आणि गळतंही’ याचं उत्तर बहुतेक वेळा तेच असतं.

---

जुनी_यंत्रं

व्हॉल्व्ह उघडण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण तीस वर्षांचं प्लॅस्टिक मोडतं ते इथेच.

प्लग काढा. पाणी पूर्ण काढून टाका, उरलेलं फडक्यानं टिपा. मागच्या झाकणाचे स्टार स्क्रू गंजलेले असतील तर त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा. स्प्रे प्लॅस्टिकवर आणि बेल्टवर उडू देऊ नका. झाकण काढल्यावर मोटरींचे कपॅसिटर दिसतील. प्लग काढल्यावरही त्यांत साठलेली वीज राहू शकते, म्हणून होल्डरमधल्या साध्या साठ-शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बच्या दोन तारा कपॅसिटरच्या टोकांना क्षणभर लावा. एलईडी बल्ब याला चालत नाही. नंतरच आत हात घाला.

रचना दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात वॉशच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर उभी पट्टी असते, ती वरच्या खाचेतून सुटते. तिच्या मागे ओव्हरफ्लोची उभी नळी आणि नळीच्या बुडाशी व्हॉल्व्ह. हा प्रकार वरूनच काढता येतो. दुसऱ्या प्रकारात व्हॉल्व्हची पेटी टाकीच्या खाली असते आणि तिला आट्यांचं गोल झाकण असतं. नॉबपासून निघालेली दोरी किंवा पट्टी त्या झाकणातून आत शिरलेल्या दांड्याला ओढते. तुमच्या मशीनच्या वयावरून दोन्हीपैकी काहीही असू शकतं. मागचं झाकण काढलं की लगेच कळेल.

आट्यांचं झाकण असेल तर आधी मोबाइलवर फोटो काढा: दोरी कुठल्या खाचेत आहे, गाठ कुठे आहे, दांडा किती बाहेर आहे. झाकण फिरवायची दिशा डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट. हलत नसेल तर पक्कड लावू नका. पाण्यात बोट सहन होईल इतपत गरम पाण्यात फडकं बुडवून झाकणाभोवती पाच मिनिटं गुंडाळा. क्षार आणि साबणाचा थर नरम होतो. मग दोन्ही हातांनी, रबरी हातमोजा घालून. उकळतं पाणी ओतलं तर जुनं प्लॅस्टिक वाकडं होतं आणि झाकण पुन्हा बसत नाही.

झाकण सुटलं की आतली स्प्रिंग उसळते, तळवा खाली धरून ठेवा. क्रम असा असतो: झाकण, स्प्रिंग, दांडा, आणि टोकाला घडीदार रबर. रबराच्या टोकाची कड बैठकीवर दाबून बसते, तीच पाणी अडवते.

आता बैठक बोटानं चाचपा. सापडतात त्या नेहमीच्या गोष्टी: ब्लाउजचा हूक, शर्टाचं बटण, सेफ्टी पिन, केसांचा बोळा, खिशातलं नाणं, आगपेटीची काडी. एक हूकसुद्धा पुरतो, कारण रबर त्याच्यावर टेकून एका बाजूनं उघडं राहतं आणि त्याला तंतू अडकत अडकत बोळा तयार होतो. बैठक मऊ फडक्यानं आणि जुन्या टूथब्रशनं साफ करा. काचकागद, ब्लेड अजिबात नको. बैठकीवर एक ओरखडा पडला की कितीही नवं रबर लावा, गळत राहणार.

रबर उजेडात धरून घडी ताणून बघा. भेगा दिसल्या किंवा कडेला बैठकीचा खोल गोल ठसा उमटला असेल तर बदलायचं. रबर मऊ असेल, ठसा उथळ असेल, तर स्वच्छ करून पाव फेरा फिरवून बसवा, बरेच दिवस निघतात. कोणतंही तेल, व्हॅसलीन, ग्रीस लावू नका. पेट्रोलियमच्या तेलानं असं रबर फुगतं आणि कड लिबलिबीत होते. आट्यांना लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच.

‘व्हॉल्व्ह येत नाही’ हे पूर्ण खरं नाही. कंपनीचा सुटा भाग मिळत नसेल, पण ही रबरं मोजक्याच मापांची असतात आणि वॉशिंग मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात बिननावाची मिळतात. जुना नग सोबत न्या. तीन मापं जुळली पाहिजेत: बैठकीवर टेकणाऱ्या कडेचा व्यास, मोकळ्या अवस्थेतली उंची, आणि दांडा अडकतो त्या भोकाचा आकार. उंची दोन-तीन मिलिमीटर जास्त चालते, कमी चालत नाही. कमी उंचीचं रबर स्प्रिंगच्या जोरावर टेकेल, पण टाकी भरल्यावर पाझरेल.

---

दुरुस्ती_दादर

वरच्या प्रतिसादात दोरीचा भाग राहिला. माझ्या मते निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

नॉब फिरवला की आतला खटका दोरी ओढतो, दोरी व्हॉल्व्ह उचलते. नॉब परत केला की स्प्रिंग व्हॉल्व्ह खाली बसवते. दोरी वर्षानुवर्षं ओढली जाऊन लांबते, मग नॉब पूर्ण फिरूनही व्हॉल्व्ह जेमतेम तीन-चार मिलिमीटर उचलतो. पाणी येतं, पण करंगळीएवढी धार. यावर कोणी दोरीला गाठ मारून आखूड करतं. गाठ जास्त पडली की नॉब ‘वॉश’वर असतानाही व्हॉल्व्ह किंचित उचललेला राहतो आणि थेंब सुरू होतात. दोरी एकच, सैल पडली तर तुंबतं, ताणली गेली तर गळतं.

जुळवणी अशी करा. नॉब ‘वॉश’वर ठेवा. दोरी बोटानं बाजूला ढकलली तर ती तीन ते पाच मिलिमीटर हलली पाहिजे, ताठ असता कामा नये. मग नॉब ‘ड्रेन’वर करा आणि दांडा किती सरकतो ते पट्टीनं मोजा. निदान एक सेंटिमीटर सरकला पाहिजे, दीड असेल तर उत्तम. ‘वॉश’वर ढील आहे आणि तरीही ‘ड्रेन’वर एक सेंटिमीटर मिळत नाही, तर दोरीला दोष देऊ नका. नॉबच्या मागचा प्लॅस्टिकचा खटका झिजलाय किंवा तडकलाय. नॉब हाताला नेहमीपेक्षा हलका लागतो, ती त्याची खूण.

दोरी बदलायची असेल तर विणलेली नायलॉनची, दोन ते अडीच मिलिमीटर जाडीची घ्या. सुती दोरी भिजून आखडते आणि कुजते. तार प्लॅस्टिकच्या खाचा कापते. मासेमारीची तंगूस गुळगुळीत असते, तिची गाठ सरकते. नायलॉनची टोकं काडीनं वितळवून घ्या, आणि गाठीनंतर दोरी दहा-बारा वेळा ओढून बसू द्या. मग पुन्हा मोजा, कारण नवी दोरी पहिल्या काही ओढींत थोडी लांबतेच.

स्प्रिंग ताणून ‘कडक’ करायची सवय काही जणांना असते. ते करू नका. गळती थांबते, पण त्या जोराविरुद्ध नॉबचा खटका रोज ओढला जातो आणि तोच तुटतो. तो मिळणं रबरापेक्षा अवघड. स्प्रिंग गंजली असेल तर त्याच जाडीची स्टेनलेस स्टीलची घाला.

---

शून्यसहा

एवढा खटाटोप कशाला? मोरी साफ करायचं अॅसिड दोन झाकणं टाकीत टाका, अर्धा तास ठेवा, व्हॉल्व्ह आपोआप मोकळा होईल. आणि उंबऱ्याचा प्रश्न असेल तर पाइपाच्या टोकाला कूलरचा छोटा पंप जोडा, पाणी वर चढेल.

---

क्षार_आणि_साबण

कृपया हे करू नका. मोरीच्या अॅसिडमध्ये मिठाचं आम्ल (हायड्रोक्लोरिक अॅसिड) असतं. ते क्षार विरघळवतं हे खरं, पण स्पिनची बास्केट स्टेनलेस स्टीलची असेल तर तिला खड्डे पाडतं, अॅल्युमिनियमची पुली आणि क्लिपा खातं, आणि वाफ मशीनच्या आतल्या तारांच्या टोकांवर बसते. टाकीत आधी ब्लीच वापरलेलं असेल तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. कॉस्टिक सोड्याच्या पुड्याही नकोत. त्या मोरीच्या पाइपासाठी आहेत, रबराच्या व्हॉल्व्हसाठी नाहीत.

बोअरच्या पाण्यात जो थर बसतो तो दोन गोष्टींचा असतो. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून त्याचा पांढरा कडक थर होतो. आणि कॉलर-बाह्यांना वडी लावून मग कपडे मशीनमध्ये टाकले की वडीतल्या साबणाचा कॅल्शियमशी मिळून चिकट राखाडी गाळ होतो. तो गाळ तंतूंना धरून ठेवतो. पहिला आम्लात विरघळतो, दुसरा आम्लानं फक्त सैल होतो, तो ब्रशनंच काढावा लागतो. म्हणून नुसती रसायनं ओतून हे काम पूर्ण होत नाही, व्हॉल्व्ह उघडावाच लागतो.

सायट्रिक अॅसिड पुरेसं आहे, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. दहा लिटर कोमट पाण्याला १०० ग्रॅम, पाणी चाळीस-पन्नास अंशांपेक्षा गरम नको. वॉशच्या टाकीत भरा, पाच मिनिटं कपड्यांशिवाय फिरवा, दीड-दोन तास तसंच राहू द्या. मधे दोन-तीनदा नॉब ‘ड्रेन’वर नेऊन लगेच परत आणा, म्हणजे ते पाणी व्हॉल्व्हच्या खालच्या पेटीतही पोचेल. शेवटी दोन वेळा साध्या पाण्यानं धुवा. ब्लीच वापरलं असेल तर आधी साध्या पाण्यानं धुऊन मगच हे करा, त्याच दिवशी दोन्ही नको.

पुढे थर कमी बसावा म्हणून पावडर कोरडी टाकू नका. मगभर कोमट पाण्यात विरघळवून टाका, न विरघळलेले खडे तळाच्या जाळीतून खाली जाऊन पेटीत दगड होतात.

---

वर्कशॉप_मिरज

कूलरच्या पंपाबद्दल. तो स्वच्छ पाण्यासाठी आहे. त्याच्या जाळीला कपड्याचे तंतू आठवड्याभरात गुंडाळतात, पंप अडतो, गरम होतो. शिवाय ओल्या जमिनीवर चालू वायर. आणि पंप अडला की तोच पाण्याच्या वाटेतला नवा अडथळा. नको.

उंबऱ्यावर दोनच खरे उपाय आहेत. पहिला, मशीन उचला. लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या, उंची एवढी की टाकीचा तळ उंबऱ्याच्या माथ्यापेक्षा निदान दहा सेंटिमीटर वर येईल. मोजमाप तुमच्या घरचं घ्या: जमिनीपासून टाकीच्या तळाची उंची आणि जमिनीपासून उंबऱ्याच्या माथ्याची उंची. स्टँड हलका करू नका. मशीन, चाळीस लिटर पाणी आणि ओले कपडे मिळून सत्तर किलोच्या पुढे जातात, वर स्पिनची थरथर. पायांखाली जाड रबरी गुट्ट्या, आणि चारही पाय पाणसळीनं सारखे. चाकांचा स्टँड असेल तर चाकांना कुलूप हवं.

दुसरा उपाय, उंबऱ्यात किंवा भिंतीत जमिनीलगत भोक पाडून पाइप सरळ आत काढणं. भोकात दोन इंची पीव्हीसीचा तुकडा बसवून घ्या, म्हणजे पाइप बदलताना भिंत पुन्हा फोडावी लागणार नाही. भोकाचा उतार मोरीच्या बाजूला असू द्या. मोरीच्या बाजूला जलरोधक लेप दिलेला असेल तर भोकाभोवती तो पुन्हा करून घ्यावा लागेल, नाहीतर ओल खोलीत येईल.

जोडपाइप ठेवायचाच असेल तर मूळ पाइपापेक्षा बारीक नको. जोडासाठी वापरतात त्या सांध्याचा आतला व्यासही बघा, बऱ्याचदा तिथेच रस्ता निम्मा होतो. नालीदार पाइपाऐवजी आतून गुळगुळीत घेतला तर तंतू कमी अडकतात. पाइप उंबऱ्यावरून चढून पुढे पुन्हा झोळीसारखा लोंबत असेल तर झोळीत पाणी आणि माथ्यावर हवा अडकते. ती हवा पाण्याला पुढे जाऊ देत नाही, मग पाइप हातानं हलवला की एकदम भसकन पाणी येतं. आणि पाइपाचं तोंड नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्याच्या, पाण्यात बुडवू नका. जाळीच्या वर चार-पाच सेंटिमीटर मोकळं ठेवा. मोरी तुंबली तर घाण पाणी त्याच वाटेनं मशीनमध्ये उलटं येतं.

---

गल्ली_क्रमांक_३

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली: उंदीर. मशीनचा तळ उघडा असतो, आतल्या नळ्यांवर साबणाचा वास असतो. कुरतडलेल्या नळीतून पाणी जमिनीवर येतं आणि माणूस व्हॉल्व्ह गळतोय समजून तोच बदलत बसतो. गळती पाइपाच्या तोंडातून आहे की मशीनच्या खालून, हे कोरडा कागद पसरून आधी बघा. खाली आडवी जाळी लावायची तर गॅल्व्हनाइज्ड, भोकं सहा मिलिमीटरपेक्षा लहान, मोटरीच्या हवेची वाट मोकळी ठेवून.

क्लिपांच्या बाबतीत, पेटीच्या तोटीवर पाइप बसवताना स्टेनलेसची स्क्रूवाली क्लिप चालते, पण हलक्या हातानं. तोटी प्लॅस्टिकची आहे, स्क्रू कचकन आवळला की उभी चीर जाते, आणि ती तोटी पेटीचाच भाग असते.

---

पुणे_३०_फ्रंटलोड

याच धाग्यात फ्रंट-लोडिंगवाले येतील म्हणून थोडक्यात लिहिते, कारण वरचा सल्ला त्यांना उलटा पडेल. फ्रंट-लोडिंगमध्ये पाणी पंपानं बाहेर फेकलं जातं. तिथे पाइप जमिनीवर टाकायचा नसतो. त्याचं तोंड साधारण साठ ते शंभर सेंटिमीटर उंचीवर हवं. खाली टाकला तर सायफन होऊन पाणी भरता भरताच निघून जातं आणि मशीन भरतच बसतं.

पाणी जात नसेल तर पुढच्या खालच्या कोपऱ्यातला गोल फिल्टर आधी उघडा, खाली ताट ठेवून, हळूहळू. नाणी, पिना तिथे सापडतात. फिल्टर काढल्यावर आत बॅटरी मारून पंपाचा पंखा काडीनं फिरवून बघा. चुंबकाच्या रोटरचा पंप असेल तर तो टप्प्याटप्प्यानं, झटके देत फिरतो, ते बरोबर आहे. तो अगदी मोकळा गरगरला तर पंखा दांड्यावरून सुटलाय. या पंपाच्या गुंडाळीचा रोध मीटरवर साधारण १५० ते २०० ओहम येतो. त्याहून जुन्या पद्धतीच्या पंपाचा, ज्याला मागे छोटा थंड करणारा पंखा असतो, रोध बराच कमी असतो, त्याला शॉर्ट समजून फेकू नका.

टॉप-लोडिंग फुली-ऑटोमॅटिक जुनं असेल तर बऱ्याच मॉडेलांत पाणी उतारानंच जातं, पण दोरी ओढायला माणसाऐवजी छोटी मोटर असते. तीच मोटर ड्रमचा क्लचही बदलते. म्हणून पाणी न जाणं आणि स्पिन न होणं हे दोन्ही एकत्र दिसलं की आधी ती मोटर तपासायची.

---

मधली_आळी

सर्वांचे मनापासून आभार. पेटी खालून आट्यांच्या झाकणाची निघाली. बैठकीवर ब्लाउजचा एक हूक आणि त्याभोवती अंगठ्याएवढा बोळा. रबराच्या कडेला भेग. दोरीला कोणीतरी आधी दोन गाठी मारलेल्या, ‘वॉश’वर अजिबात ढील नव्हती. नवं रबर जुना नग दाखवून मिळालं, उंची एक मिलिमीटर जास्त आहे. दोरी नवी घातली: ढील चार मिलिमीटर, दांडा तेरा मिलिमीटर सरकतो. मूळ पाइप जमिनीवर ठेवून अर्धी टाकी दोन मिनिटांच्या आत रिकामी. स्टँड करायला टाकला आहे.

आता एकच शंका. इतके दिवस स्पिनच्या टाकीत पाणी साचत होतं. तिथलं सील खराब झालं असेल तर ओळखायचं कसं?

---

दुरुस्ती_दादर

आधी व्हॉल्व्हची कसोटी पूर्ण करा. टाकी खुणेपर्यंत भरा, पातळीवर चिकटपट्टी लावा, नॉब ‘वॉश’वर ठेवून तासभर थांबा. पातळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उतरता कामा नये.

मग स्पिनचं सील. मागचं झाकण उघडंच ठेवा, प्लग काढलेला. ब्रेकच्या चकतीवर आणि मोटरच्या माथ्यावर कोरडा टिश्यू किंवा वर्तमानपत्र ठेवा. पाइपाचं तोंड टाकीच्या तळापेक्षा वर उचलून बांधा, म्हणजे ओतलेलं पाणी मुद्दाम आत उभं राहील. नॉब ‘वॉश’वरच असू द्या. स्पिनच्या टाकीत तीन-चार लिटर ओता, वीस मिनिटं थांबा. कागद कोरडा राहिला तर उभ्या पाण्याला सील धरतंय. मग पाणी आत असतानाच बास्केट हातानं वीस-पंचवीस फेरे फिरवा, कागद पुन्हा बघा आणि नंतर पाणी सोडून द्या. काही सीलं स्थिर असताना धरतात आणि दांडा फिरला की पाझरतात, कारण आतली ओठासारखी कड एका बाजूनं झिजलेली असते.

कागद ओला झाला तर सील बदलेपर्यंत स्पिन बंद. मोटरवर आधीच गंजाचे ओघळ किंवा पांढरे डाग दिसले तर मोटर दोन दिवस उन्हात वाळवून मगच जोडा, आणि जोडण्याआधी गुंडाळी व बॉडी यांच्यातला रोध मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) पाहून घ्या, ५०० व्होल्टला निदान एक मेगओहम हवा. सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे की नुसतं तिसरं भोक, तेही त्याच वेळी तपासा. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

सील बदलताना बास्केटचा दांडा खालच्या कपलिंगमधून सुटतो. तिथे एक बोल्ट आणि त्याला अडवणारा नट असतो, आधी नट सैल करा, मग बोल्ट. जबरदस्तीनं बोल्ट फिरवला तर कपलिंगच्या आट्या जातात. बास्केट वर काढली की बाहेरच्या टाकीच्या तळाशी हात फिरवून घ्या. तिथे हातरुमाल आणि लहान मोजे पडलेले असतात, आणि पाइपाच्या तोंडावर तेच बसतात.